शेजारणीचं निशाण

कॉलेजच्या नेमबाजी संघात एकच जागा उरली होती. पहिल्यांदाच रायफल धरणारी वैजयंता मातीत पालथी पडून नेम धरत होती. शेजारी रणधीर कोवळ्या मिशीला पीळ देत म्हणाला, "अगं, आमच्या घरात तान्हं पोर खुळखुळा नाही, काडतूस वाजवतं!"

"श्वास रोखा, चाप हळूच दाबा!" नेमबाजी शिकवणाऱ्या उस्तादांनी बजावलं.

दोघांनी पाच-पाच गोळ्या झाडल्या. तिच्या निशाणावर दहा भोकं निघाली. त्याचं लग्नातल्या शालूसारखं कोरं करकरीत.

"मधली पाच माझी, उस्ताद!" रणधीर किंचाळला.

"असतील, राजे! पण शेजारणीच्या निशाणावर बार उडवणारा मला नको. हिनं निदान आपलं निशाण ओळखलं. जागा हिची!"

वैजयंतानं मान खाली घातली. पाचही वेळा चाप दाबताना तिनं डोळे गच्च मिटले होते, हे सांगायला जीभ काही उचलेना.