सात नंबरचं घर

मंजुळाबाईनं मातीचा पहिला गोळा बरोबर भिंतीवरच्या सातच्या आकड्यावर थापला. डांबर मोठं नाठाळ, माती धरेचना. मग तिनं आणखी भुसा घातला, थोडं शेण मिसळलं आणि दोन्ही हातांनी असा दाब दिला की सात पार बुडाला.

"दिसते काय?" तिनं नवऱ्याला विचारलं.

"नाई," उकंडराव म्हणाला. "पण एवढीच जागा सारवली तं कोणाच्याबी ध्यानात येईन."

"मंग साऱ्या घराले हात फिरवते. दिवाळी चार दिवसांवर आली. दिवाळीले कोण नाई सारवत?"

उकंडरावानं शेणाची पाटी पुढं सरकवली. जिनिंगमध्ये दिवसभर कापसाच्या गाठी उचलणारा माणूस. घरातली अक्कल बायकोची, हे त्यानं लग्नाच्या वर्षीच कबूल करून टाकलं होतं.

खळवाडीत बावीस घरं. गावाच्या मागच्या अंगाला, जुन्या खळ्यांच्या जागेवर, कुडामातीची. चौदा वर्षांत कोणी हटकलं नव्हतं. आता महाराष्ट्र होऊन सहा वर्षं झाली आणि नगरपालिकेला गाव सुधारायचं सुचलं. चिखलीसारखा बाजार पाहिजे, एसटीचं पक्कं स्टँड पाहिजे, दुकानांची ओळ पाहिजे. आणि जे पाहिजे ते सगळं खळवाडीच्याच जागेवर पाहिजे! लोकांनी तीन अर्ज दिले. पहिल्याची पोच मिळाली, दुसऱ्याची तीही नाही, आणि तिसरा घेऊन गेलेल्या गुलाबरावाला शिपायानं दारातूनच वाटेला लावलं. सरकारपुढं कोणाचं चालतं?

मग मागच्या बुधवारी दोन माणसं डांबराचा डबा घेऊन आली. विचारलं नाही, सांगितलं नाही. घराघरावर आकडे टाकले आणि निघून गेली.

गुलाबराव वस्तीतला शहाणा, अकोल्याला चार वर्षं राहून आलेला. तो म्हणाला, "अकोल्यात म्या माह्या डोयानं पाह्यलं. आधी आकडे टाकले, महिनाभरात घरं भुईसपाट! आकडा म्हणजे पाडायची यादी, बाप्पा!"

या घरातून मंजुळाबाईच्या दोन पोरी सासरी गेल्या होत्या. धाकटी पहिलटकरीण, पुढच्या महिन्यात बाळंतपणाला इथंच यायची होती. घर गेलं तर त्या अवघडल्या पोरीला उतरवायचं कुठं? झाडाखाली? हे एकच तिला दिवसरात खात होतं.

म्हणून ही युक्ती. आकडाच नाही तर पाडतीन कायले? तिचं पाहून शेजारणीही लागल्या, आणि दोन दिवसांत खळवाडी नवी कोरी दिसायला लागली.

राहिला एकटा कचरू. बायको गेल्यापासून त्याच्या भिंतीला दरसाल मंजुळाबाईच हात फिरवायची. पण यंदा त्याच्या बकरीनं तिची मेथी खाल्ली, आणि वर तोच भांडला.

"वयनी, माह्या भिंतीलेबी दोन हात मारा नं."

"काऊन? तुमच्या हाताले मेंदी लागली काय?"

"आपल्याच्यानं नाई होत. पाडतीन तं पाडतीन," म्हणत कचरूनं बिडी पेटवली. त्याच्या भिंतीवरचा बावीस लांबूनही ठळक दिसत होता.

दिवाळी झाली आणि सोमवारी नगरपालिकेचा कारकून आला. सोबत शिपाई आणि दोन पंच. कारकून पुण्याकडचा, शांत बोलणारा. त्याचीच जास्त भीती वाटली.

"घर नंबर?"

"आमच्या घराले नंबर नाई जी," मंजुळाबाई म्हणाली.

"पुसला गेला का?"

"टाकलाच नाई, साहेब. टाकला असता तं दिसला असता."

कारकुनानं भिंतीवरून बोट फिरवलं.

"भिंत नवी दिसते."

"नवीच हाय जी," ती पटकन म्हणाली.

"बाई, नीट आठवून सांगा. आमच्या माणसांनी इथं आकडा टाकला होता?"

"देवाशपथ नाई."

उकंडरावानं तोंड उघडलं, तशी तिनं त्याच्याकडं असं पाहिलं की ते तसंच मिटलं. बांधकाम नवं, आकडा टाकलेलाच नाही, असं कारकुनानं लिहून घेतलं, वाचून दाखवलं. तिनं अंगठा दिला.

मग प्रत्येक दारात तेच झालं. गुलाबराव तर म्हणाला, "नंबर काय असते, आमाले ठाऊकच नाई!" बायांना हसू आवरेना. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच सरकारला आपण फसवलं, याचा सगळ्यांना आनंद झाला होता.

शेवटी कचरूचं घर आलं.

"बावीस," कारकुनानं वाचलं.

सगळ्यांनी माना खाली घातल्या. मंजुळाबाईला भडभडून आलं. जुडीभर मेथीपायी आपण या माणसाचं घर घालवलं! तिला राहवेना. ती पुढं झाली.

"साहेब, एकटा माणूस हाय. बायको मेली त्याची. त्याले कोणी नाई. पाया पडते, याचं घर नका पाडू जी."

"बाई, बाजूला व्हा," कारकून म्हणाला. त्यानं पिशवीतून छापील कागद काढला, त्यावर कचरूचं नाव लिहिलं आणि तो त्याच्या हातात दिला.

"आकडा असलेल्या जुन्या घरांना चिखली रस्त्यावर पक्की खोली मिळणार आहे. ही तुमची चिठ्ठी, जपून ठेवा."

मग तो अंगठ्यांचे कागद एकावर एक लावत शिपायाकडं वळला.

"बाकीच्या एकवीस घरांवर आकडा नाही. घरं नवी आहेत, असं त्यांनीच लिहून दिलंय. उद्या सकाळी पाडायला घ्या."