हुबळीची गाडी

“लिफ्टरच्या डोळ्यांवर जाऊ नको गं पोरी,” विड्या वळता वळता तानीबाई म्हणाली होती. “त्यो बघतोय एकीकडं आन् बॉल टाकतोय भलतीकडंच. फशिवलं तर कळायचं बी न्हाय तुला.”

नुकतीच लग्न होऊन आलेली गुणा नुसती हसली. बी.ए. झालेली ती, शेजारच्या म्हातारीचं काय मनावर घ्यायचं!

लिफ्टर म्हणजे तिचा नवरा, नागोजी. स्वतः मारायचं नाही, दुसऱ्याला मारता येईल असा बॉल उचलून द्यायचा. निपाणीच्या एका तंबाखूच्या शेठनं त्याला व्हॉलीबॉलच्या टीमसाठी पगारावर ठेवलं होतं. वखारीमागची खोलीही शेठचीच. टीम बाहेरगावी गेली की शेठची बहीण यशोदाबाई खोलीच्या दारात येऊन बसे. “सोबतीला गं,” म्हणे.

आदल्या वर्षी टीममधला एकजण बायकोसकट कोल्हापूरला पळाला होता. शेठच्या माणसांनी त्याला परत आणला, तेव्हा त्याचा हात गळ्यात बांधलेला होता.

त्यात गुणाची तान्ही पोरगी खोकायला लागली. वखारीतली भुकटी अंथरुणात, कपड्यांत, दुधातसुद्धा. गुणा रात्रभर तिचा श्वास ऐकत बसे. बेळगावच्या डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, “हिला तिथून हलवा. नाहीतर ही पावसाळा काढत नाही.”

“तू हिला घिऊन जा,” नागोजी म्हणाला.

“एकटी? मुळीच नाही. गेलो तर तिघं.”

पुढच्या आठवड्यात नागोजी हळूच म्हणाला, “हुबळीला रेल्वेच्या टीमनं नोकरीवर घेतलंय मला. बेळगावात फायनल हाय. डॉक्टरला दावायचं म्हणून पोरीला घिऊन ये. मॅच झाली की स्टँडवर गाठ.”

“आणि शेठ?”

“कप हातात आला की त्यो नाचत बसतोय.”

फायनलच्या दिवशी ती स्टँडवर पोचली. संध्याकाळी मॅच सुटल्याची गर्दी समोरून गेली. “निपाणीनं मारली रं!” कुणीतरी ओरडत होतं. नागोजीचा पत्ता नव्हता. पोरीला छातीशी धरून तिनं गर्दीतलं एकेक तोंड न्याहाळलं. तानीबाईचं बोलणं डोक्यातून जाईना.

आणि तो आला. घामानं निथळत, खेळाच्या चड्डीतच. मागं चहाच्या गाड्यावर शेठचा माणूस भावकू उभा होता.

“त्याला काय सांगितलंत?”

“बायकोला निपाणीच्या गाडीत बसवून येतो म्हटलं. चल, चढ.”

त्यानं हुबळीच्या गाडीत पिशवी वर टाकली, तिला खिडकीशी बसवलं, पोरीच्या गालाला गाल लावला. कंडक्टरनं घंटी मारली, तसा तो खाली उतरला.

“अहो, चढा ना!”

“माझी आक्का येतीय हुबळीच्या स्टँडवर तुला न्यायला.” तो खिडकीशी चालत होता. “नोकरी न्हाय गुणे. रेल्वेच्या सायबानं वय बघून कवाच परतवून लावलंय. मी पळालो तर शेठ हुबळी पालथी घालंल. तुझ्या मागं कोण येतंय?”

गाडीनं वेग घेतला. भावकू चहा टाकून पळत येताना दिसला. नागोजी वळून त्याच्या वाटेत उभा राहिला.

तुम्ही निपाणीला जाणार असाल, तर वखारीमागच्या खोलीत डोकावा. तिथं नागोजी आहे का, एवढं बघून मला, या गुणाला, हुबळीला कळवा.