धुराच्या सालची वाइन

बस फाटकातून आत वळणार, तेवढ्यात नेरीना रस्त्याच्या मधोमध येऊन उभी राहिली. ड्रायव्हरने कचकन ब्रेक दाबला आणि खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"मरायचंय का, बाई?"

"दार उघड, कॉलिन. दोनच मिनिटं."

आत ऑस्ट्रेलियातल्या जिलाँग शहरातल्या बोलिंग क्लबची बारा म्हातारी माणसं होती. सकाळपासून डोंगरावरच्या तीन वाइनऱ्या पालथ्या घालून झाल्या होत्या आणि सगळ्यांचे गाल लालबुंद झाले होते.

"मी नेरीना. आता तुम्ही आमच्याकडेच येताय. माझा भाऊ एल्व्हिओ तुम्हाला त्याची नवी लाल वाइन देईल. ती वाईट आहे."

बसमध्ये हशा पिकला. "असली जाहिरात जन्मात ऐकली नव्हती!" मागून कोणीतरी ओरडलं.

"थट्टा नाही करत हो. गेल्या उन्हाळ्यात इथे वणवा लागला. तीन आठवडे द्राक्षांवर धूर बसून होता. खोऱ्यातल्या सगळ्यांनी माल पाखरांना सोडून दिला. याने तोडला. तो धूर वाइनमध्ये उतरतो, पण काही माणसांच्या जिभेला तो कळतच नाही, जन्मतःच. माझा भाऊ त्यातलाच. त्याला वाटतं, आयुष्यात इतकी चांगली वाइन आपल्या हातून झाली नव्हती." तिला धाप लागली होती. "घोट घेतल्या घेतल्या काही जाणवणार नाही. मग तोंडात राख येईल. तेव्हा तोंड वाकडं करू नका. चांगली आहे म्हणा. पाया पडते तुमच्या."

पुढच्या सीटवर क्लबची सेक्रेटरी ग्लेनिस बसली होती. ती म्हणाली, "अगं, पण खरं सांगून टाकलेलं बरं नाही का? आज ना उद्या कळणारच."

"जूनमध्ये मी त्याची बंदूक गुपचूप उचलून शेजाऱ्याकडे नेऊन ठेवली," नेरीना म्हणाली. "तो अंथरुणातून उठला तो या पिंपांसाठी. उद्याचं उद्या बघू. आज नको."

आता कोणी हसत नव्हतं. बॅरी नावाच्या एका जाड्या म्हाताऱ्याने डोक्यावरची टोपी काढली, उगाच झटकली आणि परत घातली.

"चल रे कॉलिन," तो म्हणाला. "तहान लागलीये."

एल्व्हिओने दाढी केली होती. इस्त्रीचा शर्ट घातला होता. काउंटरमागे उभा राहून तो बारा ग्लासांत वाइन ओतत होता, आणि एक थेंबही सांडत नव्हता.

"आधी हुंगा. चेरी येतेय की नाही? आता घ्या. घाई करू नका."

नेरीना चीजची बशी धरून मनात आकडे मोजत होती. सात म्हटलं की राख येते, हे तिला पाठ होतं. पाच. सहा. बॅरीच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. ग्लेनिसने ठसका दाबला आणि टाळीच वाजवली.

"अप्रतिम!"

मग काय विचारता! एकाने म्हटलं, चाळीस वर्षं पितोय, पण अशी चव नाही. दुसरी म्हणाली, इटलीत कोणी चुलते असतील तर त्यांना एक बाटली पाठव, जळून खाक होतील. सगळ्यांनी मिळून एल्व्हिओला हरभऱ्याच्या झाडावर चढवलं. मधूनमधून एकेक जण ग्लास घेऊन काउंटरच्या टोकाला जायचा, खिडकीतून डोंगर बघायचा आणि रिकामा ग्लास घेऊन परत यायचा. एल्व्हिओ पुन्हा भरायचा. तो खदखदून हसला तेव्हा नेरीनाला रडूच फुटलं, आणि ती कांद्याच्या लोणच्याची बरणी आणायच्या निमित्ताने आत पळाली. वर्षभरात ते हसणं तिच्या कानावर पडलं नव्हतं.

बस हॉर्न वाजवत उतारावरून खाली गेली. एल्व्हिओ शीळ घालत ग्लास पुसायला लागला. पुसत पुसत तो काउंटरच्या टोकाला पोहोचला आणि थांबला. खाली वाकून त्याने चव घेऊन वाइन थुंकायची बादली उचलली. तिला दोन हात लावावे लागले.

बारा तोंडं नेरीनाने सांभाळली होती. बादली तिच्या ध्यानातच आली नव्हती.

"पहिल्या वाइनरीत सगळेच थुंकतात," एल्व्हिओ हळू आवाजात म्हणाला. "दिवस काढायचा असतो, शुद्ध राखायची असते. चौथ्या वाइनरीत आल्यावर कोण थुंकतं, नेरीना? बावीस वर्षांत दुपारची बादली मला कधी धुवावी लागली नाही."

"म्हातारी माणसं ती. डॉक्टरांनी सांगितलं असेल..."

"बाराच्या बारांना?"

तो ओरडला असता तर बरं झालं असतं, पण तो ओरडला नाही. त्याने बादली खाली ठेवली, स्वच्छ ग्लास घेतला, बाटलीतली उरलेली वाइन त्यात ओतली आणि ग्लास तिच्यापुढे सरकवला.

"तू ही कधी प्यायलीस? माझ्यासमोर?"

"किती वेळा तरी."

"नाही. तू दर वेळी ग्लास घेऊन स्वयंपाकघरात जातेस." त्याने काउंटरवर बोट टेकवलं. "इथे पी. आणि गिळ."

नेरीनाने ग्लास तोंडाला लावला. अर्धवट नाही, सगळा प्यायली. आधी चेरी आली. एल्व्हिओ तिच्या तोंडाकडे बघत होता, रिपोर्ट वाचणाऱ्या डॉक्टरकडे माणूस बघतो तसा. मग राख आली. जिभेवर, टाळ्याला, घशात, नाकात. जळालेला सगळा उतार तिच्या गळ्यातून खाली उतरत होता. तिने तोंडाची एक रेघही हलू दिली नाही.

"मग?" त्याने विचारलं.

नेरीनाने रिकामा ग्लास त्याच्यापुढे धरला.

"दुसरी बाटली फोड," ती म्हणाली. "आणि काठोकाठ भर."