टिपणीस साहेबांचा तिसरा निरोप समारंभ

"टिपणीस साहेबांना नवीन हृदय छान मानवलंय, त्यामुळे ते आणखी चाळीस वर्षं आपल्यातच राहणार आहेत," अशी माइकवरून घोषणा झाली आणि हॉलभर टाळ्या वाजल्या. निरोपाची शाल मंदाताई घोरपडे यांच्या हातातच राहिली.

साहेब एकशे एकतीस वर्षांचे होते. मंदाताई एकोणनव्वदच्या, आणि गेली बावन्न वर्षं त्यांच्याच हाताखाली उपव्यवस्थापक. आधी साहेबांचं यकृत थकलं, मग मूत्रपिंडं, आता हृदय. दर वेळी निरोप समारंभ ठरायचा, मंदाताई भाषण लिहायच्या आणि साहेब नवा अवयव बसवून परत खुर्चीत हजर व्हायचे.

"शाल जपून ठेवा हं, पुढच्या वेळी लागेल," साहेब हसत म्हणाले.

मंदाताईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "मरू नका हो, खुशाल जगा!" त्या भर हॉलमध्ये कडाडल्या. "पण खुर्ची सोडाल की नाही? का माझी हाडं तुमच्या केबिनच्या दाराबाहेरच झिजवायची?"

त्या तरातरा आपल्या टेबलापाशी आल्या आणि त्यांनी शाल कपाटात भिरकावली.

मागोमाग त्यांचे सहायक कुलथे पाण्याचा ग्लास घेऊन आले. तेही सत्तरीला टेकलेले. "ताई, शांत व्हा," ते हळुवारपणे म्हणाले. "आणि तुमच्या हृदयाचा रिपोर्ट आला ना? काय म्हणाले डॉक्टर?"

हाच प्रश्न, याच मऊ आवाजात, मंदाताई दर वर्षी साहेबांना विचारत आल्या होत्या.

"ठणठणीत आहे!" त्या खेकसल्या आणि त्यांनी कपाटाला कुलूप घातलं.