सोमवारचं मटण

गंगाराम बिस्किटांच्या रॅकआड उभा राहिला, आणि आपण लपलो का हे त्याचं त्यालाच कळेना. समोर मटणाचा काउंटर होता. काचेमागे त्याची मुलगी मनस्वी उभी होती. डोक्याला जाळीची टोपी, हातात निळे मोजे.

लांज्याच्या बाजारात गंगारामचं मटणाचं दुकान तीस वर्षं चालू होतं. सोमवारी ते बंद असायचं, म्हणून आज एसटीने रत्नागिरीला येऊन तो या सुपरमार्केटात शिरला होता. त्याची बायको चिमा दोन महिने मागे लागली होती. पोर दिवसभर कुठे उभी राहते ते बघून तरी या.

फ्रीजमधली पाकिटं त्याने आत येतानाच पाहिली होती. पांढऱ्या ताटलीत मटण, वर ताणून बसवलेलं प्लास्टिक, त्यावर पिवळी पट्टी, तीस टक्के सूट. म्हणजे रविवारचं उरलेलं. असल्या मटणाला तो दुकानात ‘बर्फातलं मढं’ म्हणायचा आणि गिऱ्हाइकं हसायची. मनस्वी इथे लागल्यापासून म्हणत नव्हता.

एका म्हातारीने पिवळ्या पट्टीचं पाकीट आणून काउंटरवर ठेवलं.

“बाय, ह्ये ताजं हाय ना गो? मुलगा आलाय मुंबैसून. त्याला सोमवार-गुरवार काय न्हाय.”

मनस्वीने पाकीट हातात घेऊन तिरकं केलं. तळातलं लाल पाणी एका कोपऱ्यात जमलं. प्लास्टिकवरूनच तिने अंगठा दाबला. मांसाला खळगा पडला आणि तसाच राहिला.

“आजी, हे नको.”

शेजारी पाकिटं लावणारा इन-चार्ज संदेश वळला. “का? तारीख तर उद्याची आहे.”

“तारीख उद्याची आहे, सर. मटण आजच गेलंय.”

“म्हणून तर सूट दिलीय ना?”

“सूट दिली म्हणून पोट कमी बिघडत नाही.”

म्हातारी दोघांच्या तोंडाकडे बघत राहिली. गंगारामचा एक पाय पुढे पडला. बाजारात असली भांडणं त्याने खूप मिटवली होती, काय बोलायचं तेही ओठावर आलं होतं. पण पाय त्याने तिथेच थांबवला.

“मग याचं करायचं काय?” संदेशने विचारलं.

“फेकायचं.”

“आणि वरून विचारलं तर? फॉर्मवर सही कोण करणार?”

“मी करते.”

तिने एक मोजा काढला, फॉर्म ओढला आणि नाव लिहिलं. पूर्ण लिहिलं, मधलं बापाचंही. संदेशने पाकिटाचं प्लास्टिक कोपऱ्यातून फाडून नाकाशी नेलं आणि तोंड बाजूला केलं. “त्यातली अजून दोन-तीन बघून घे,” एवढंच पुटपुटून तो गेला.

गंगाराम रॅकमागे आणखी आत सरकला. रविवारचं उरलेलं त्याने मंगळवारी कधी विकलं नव्हतं असं नाही. ‘शिजायला जरा वेळ लागेल वहिनी’ एवढं म्हणायचं आणि द्यायचं. तेव्हा ही पोर दुकानाच्या पायरीवर अभ्यास करत बसलेली असायची. मान वर करून बघायची, बोलायची काही नाही. बारावीनंतर दुकानात बसते म्हणाली, तेव्हा त्यानेच सांगितलं होतं, बाईच्या हातात सत्तूर शोभत नाही.

आता तिने म्हातारीसाठी काचेतली ताजी मांडी काढून ओंडक्यावर ठेवली. सत्तूर फार वर न उचलता तिने घाव घातले. हाड एकेका घावात तुटलं, चुरा कुठे उडाला नाही. म्हातारी पिशवी सांभाळत निघून गेली, तेव्हा गंगाराम पुढे झाला.

“बाबा! तुम्ही कधी आलात?”

“आत्ताच. डोळ्यांच्या डॉक्टरकडे आलो होतो.”

“काय म्हणाले?”

“दिसतंय म्हणाले.”

ती हसली. टोपीतून सुटलेली बट तिने मनगटाने मागे सारली.

“अर्धा किलो दे,” तो म्हणाला. “सीना आणि चाप. उद्याला.”

“तुम्हाला? मटण?”

“का? मला विकायचं नाही असा नियम आहे काय तुमचा?”

तिने तुकडा काढून त्याच्यापुढे धरला आणि सवयीने गंगारामचा अंगठा पुढे झाला. “अहं, असं नाही,” म्हणत तिने त्याच्या हातात निळा मोजा दिला. तो घालताना त्याची दोन बोटं एकाच बोटात शिरली. तिने काचेवरून वाकून ती नीट केली, लहान मुलाला मोजा चढवावा तशी.

“ह्याच्यातून काय कळणार?”

“कळतं हो. सवय लागते.”

त्याने अंगठा जरासा टेकवला आणि काढून घेतला.

“तूच बघ आणि दे.”

पिशवी घेऊन तो वळला, तर ट्रॉली ढकलत आलेल्या एका माणसाने त्याला अडवलं. पँट-शर्टातला, कुठल्याशा कचेरीतला वाटत होता.

“काका, इथलं मटण चांगलं असतं का हो? की सरळ बाजारात खाटकाकडे जाऊ?”

गंगारामने मागे पाहिलं. मनस्वी फ्रीजमधली पिवळ्या पट्टीची पाकिटं एकेक काढून तिरकी करत होती. काही परत ठेवत होती, काही बाजूला काढत होती.

“तिला विचारा,” तो म्हणाला. “चांगलं नसेल तर ती नको म्हणते.”