दोन वेळचा चहा

"आजी, आज वार कोणता?"

"गुरुवार. आणि मी खुळी नाहीये."

डॉक्टर हसले. बरोबर आलेला मुलगा हसला नाही. म्हातारीनं कापणारे हात शालीखाली दडवले.

"खुळी कोण म्हणतंय? ते चहाचं काय ते सांगा."

"त्यात काहीतरी घालतात. प्यायले की जीभ जड होते, अंगाचं लाकूड होतं. परवा मोरीत ओतला, तर संध्याकाळपर्यंत टुणटुणीत!"

"कोण घालतं?"

तिनं मुलाकडे बोट दाखवलं. डॉक्टरांनीही उत्तरासाठी मुलाकडेच पाहिलं. म्हाताऱ्या माणसाला विचारायचं आणि खरं मानायचं दुसऱ्याचं, ही रीतच आहे.

मुलाचे डोळे भरले. "बाबा गेल्यावर नुसती रडायची, जेवायची नाही. तेव्हा मी एकटाच तुम्हाला भेटून गेलो होतो. आता रडणं थांबलं, तर हे निघालं. आगीतून फुफाट्यात!"

"अरे, जन्मात कधी गॅस पेटवला नाहीस तू," म्हातारी कडाडली. "बाप मेल्यावर बरा चहाचा पुळका आला! दोन्ही वेळ स्वतः करतोस!"

"बघा डॉक्टर. करायला जावं तर हे फळ. आई, तुझी शपथ, मी विष नाही गं घालत."

डॉक्टरांनी खुर्ची पुढे ओढली. आवाज असा, की लोण्यानं लाजावं. "आजी, दुःख अति झालं की मनात संशय उगवतो. या वयात तर पोटचा गोळाही वैरी वाटायला लागतो. ऐकलं नाहीत, तर इथंच भरती करावं लागेल."

म्हातारीनं मुलाकडे नीट पाहिलं. दाढी वाढलेली, डोळे खोल गेलेले. नोकरी सांभाळून माझं करतोय हा, आणि मी याला चारचौघांत खुनी ठरवतेय. तिची मान खाली गेली.

"चुकलं माझं. शेवटच्या घोटापर्यंत पिईन. पण मला माझ्या घरी राहू द्या."

"शाब्बास! आता जरा बाहेर बसा."

ती बाहेरच्या बाकावर टेकली. घरी गेल्यावर पोराला जवळ घ्यायचं, माफी मागायची, तिनं ठरवूनच टाकलं. दार नीट लागलं नव्हतं.

आत डॉक्टरांच्या आवाजातलं लोणी संपलं होतं. "आजार बळावलाय. चहाचा संशय हीच त्याची खूण. मी दिलेले थेंब दुप्पट करा."

"पहिल्यासारखेच ना?" मुलानं विचारलं. "चहातून?"

"चहातूनच. आणि कळू देऊ नका. आधीच संशयी आहेत त्या."