सहीची किल्ली

सासऱ्यांच्या छापखान्यातले अकराही लिनक्स कॉम्प्युटर सकाळपासून अपडेट घेत नव्हते आणि अपडेटशिवाय नवं छपाई यंत्र चालत नव्हतं. जावयाने पडद्यावरचा मजकूर वाचला. "अपडेट पाठवणाऱ्या कंपनीने त्यावर सही करायची डिजिटल किल्ली बदललीय, बाबा. आपल्याकडे जुनीच आहे. नवी खरी आहे का ते पडताळतो आणि मगच बसवतो. अर्धा तास द्या."

"ती तपासणीच बंद कर."

"मग उद्या अपडेटच्या नावाखाली कुणीही काहीही घुसवेल."

सासऱ्यांनी टेबलावरची पोलादी पट्टी उचलली आणि त्याच्या जबड्यावर हाणली. तो खुर्चीसकट कोसळला, तशी पोटात लाथ बसली. कागद कापणारे दोघे कारागीर मान खाली घालून कापत राहिले.

तो उठला. तोंडावर रुमाल दाबून त्याने नव्या किल्लीच्या ओळखखुणेची चाळीस अक्षरं कंपनीच्या साइटवरच्या अक्षरांशी एकेक करून जुळवली, जुनी काढली, नवी बसवली. दुपारपर्यंत यंत्र सुरू झालं. सासऱ्यांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. "मनात ठेवू नकोस, जावईबापू. माझं डोकं जरा तापट आहे."

घरी बायकोने दार उघडलं आणि ती त्याच्या सुजलेल्या गालाकडे बघत राहिली.

"जिन्यावरून पडलो," तो म्हणाला.

तिने फडक्यात बर्फ गुंडाळून आणला आणि हलकेच त्याच्या गालावर धरला.



"लग्न होईपर्यंत मीही त्याच जिन्यावरून पडायचे."